भानावर येणं

पान वाचून संपतं, बोट ते उलटायला कोपऱ्याशी जातं आणि तेवढ्यात लक्षात येतं, की शेवटच्या दोन परिच्छेदांतलं अक्षरही डोक्यात शिरलेलं नाही. डोळे ओळींवरून नीट सरकत होते, पूर्णविरामाशी थांबतही होते. मन मात्र भलतीकडेच होतं. कुणाच्या तरी कालच्या बोलण्याला आज मनातल्या मनात उत्तर देत बसलं होतं. हे ध्यानात येण्याच्या क्षणाला मराठीत फार नेमका शब्दप्रयोग आहे: भानावर येणं.

या शब्दप्रयोगाकडे जरा थांबून बघावं. आपण ‘भानावर आलो’ म्हणतो. ‘मी स्वतःला भानावर आणलं’ असं सहसा म्हणत नाही. भाषेनं इथे एक गोष्ट अचूक पकडली आहे. मन भरकटलेलं असतं तेव्हा ते भरकटलंय हेच ठाऊक नसतं, त्यामुळे परत यायचं ठरवणार कोण? परत येणं आपोआप घडतं. ठरवता येतं ते त्याच्या पुढच्या सेकंदाला काय करायचं, एवढंच. सजगतेचा, वर्तमानात राहण्याचा सगळा सराव मला या एका सेकंदाभोवती बांधलेला दिसतो. आणि नेमक्या याच सेकंदाविषयी नवख्या माणसाला कुणी फारसं सांगत नाही. त्याला सांगतात, मन शांत करा. तो बसतो, मन शांत होत नाही, तिसऱ्या दिवशी तो उठतो आणि ‘हे माझं काम नाही’ म्हणून सोडून देतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या तीन दिवसांत त्यानं जे केलं तोच सराव होता.

मूळ शब्दातही हेच आहे. आज ज्याला आपण सजगता म्हणतो त्याला पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, ‘सति’ म्हणतात, आणि सति म्हणजे संस्कृतातली स्मृती. मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथातल्या सतिपट्ठान सुत्तात सति कशावर ठेवायची याची चार ठिकाणं सांगितली आहेत: काय (म्हणजे शरीर), वेदना, चित्त (मन) आणि धम्म (मनात येणारे विषय). यातला ‘वेदना’ हा शब्द मराठी वाचकाला हमखास चकवतो. पालीत त्याचा अर्थ दुखणं असा नाही. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली, अशी कुठलीही जाणीव म्हणजे वेदना. आता प्रश्न असा, की वर्तमानाशी स्मृतीचा संबंध काय? संबंध असा, की इथे आठवायचं आहे ते गेलेलं काही नव्हे. आपण आत्ता काय करत आहोत, हे आठवायचं आहे. हातात काम असतं, शरीर ते करत असतं, आणि आपण ते करतोय हेच आपण विसरलेलो असतो.

हे विसरणं किती सार्वत्रिक आहे याची मोजणी झालेली आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2,250 प्रौढांना फोनवरच्या अ‍ॅपमधून दिवसभरात अवेळी गाठून विचारलं: तुम्ही आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि कसं वाटतंय? 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. मला त्या आकड्याहून दुसरी नोंद महत्त्वाची वाटते. मन सुखद गोष्टीत रमलेलं असतानाही माणसं, हातातल्या कामात लक्ष असतानापेक्षा जास्त आनंदी नव्हती. आणि मन कडू किंवा साध्यासुध्या विचारांत गेलं असताना ती कमी आनंदी होती. म्हणजे मनोराज्यात जाऊन हाती विशेष काही लागत नाही, तरी मन निम्मा वेळ तिथेच असतं.

आता प्रत्यक्ष सराव. रोज 10 मिनिटं, शक्यतो एकाच वेळी, एकाच जागी. खुर्चीवर बसलं तरी चालतं. पावलं जमिनीवर सपाट टेकलेली, नितंब गुडघ्यांपेक्षा थोडे वर, पाठ खुर्चीच्या पाठीला रेलून न देता जेवढा वेळ सहज राहील तेवढा वेळ स्वतःच्या बळावर. जमिनीवर मांडी घालून बसायचं असेल तर बुडाखाली 4 ते 6 इंचांची घट्ट उशी किंवा घडी घातलेली जाड चादर घ्यावी. ती नसली की गुडघे वर राहतात, कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतं आणि पाचव्या मिनिटाला पाठ बोलू लागते. हात मांड्यांवर सैल. हनुवटी किंचित आत. डोळे मिटावेत, किंवा चार-पाच फुटांवर जमिनीवर नजर सैल सोडून द्यावी. झोप येणाऱ्यांनी तर डोळे उघडेच ठेवावेत. गजर लावून फोन उलटा, हाताच्या अंतरापलीकडे. गजर यासाठी, की तो नसेल तर ‘किती वेळ झाला असेल’ हा एकच विचार दहा मिनिटं पुरतो.

पहिलं मिनिट श्वासाला हातही लावायचा नाही. बूड जिथे टेकलंय तिथला दाब, पावलांखालची जमीन, तळहाताखालचं कापड, एवढंच बघायचं. वजन कुठेकुठे उतरतंय ते शोधायचं. शरीर नेहमी वर्तमानातच असतं, त्यामुळे तिथून सुरुवात सोपी जाते.

मग श्वासासाठी एक जागा निवडायची. नाकपुड्यांचं टोक, छाती किंवा पोट, तिन्हींपैकी जिथे हालचाल सर्वांत स्पष्ट कळते ती. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या विपश्यनेच्या परंपरेत नाकपुड्यांखाली वरच्या ओठापर्यंतचा लहानसा भाग निवडतात. 10 दिवसांच्या शिबिरातले पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासावर लक्ष ठेवायचं असतं. ब्रह्मदेशातले भिक्षू महासी सयादव यांच्या पद्धतीत पोटाचं वर येणं आणि खाली जाणं बघतात. दोन्ही चांगल्या. पण निवडलेली जागा निदान एक आठवडा बदलू नये. तिसऱ्या दिवशी मन सांगतं, ‘नाकाशी काही कळत नाही, पोट बघू’. ती सोय नसते, कंटाळ्यानं शोधलेली पळवाट असते.

श्वास बघायचा म्हणजे नक्की काय बघायचं? एकच श्वास घेऊ. आत येताना नाकपुडीच्या कडेला हवा किंचित गार लागते. एका नाकपुडीत बहुधा दुसरीपेक्षा जास्त. ती गार रेघ वर सरकते, मध्यावर ठळक होते, मग विरते. श्वास पुरा भरला की एक लहानसा थांबा येतो. तो बहुतेकांना सुरुवातीला दिसतच नाही. मग हवा बाहेर पडू लागते, या वेळी कोमट. सुरुवातीला जोर असतो, पुढे ती पातळ होत जाते, इतकी पातळ की संपली कधी ते सांगता येत नाही. आणि मग पुढचा श्वास सुरू होण्याआधी आणखी एक थांबा, पहिल्यापेक्षा लांब. मन निसटतं ते बहुतेक वेळा इथेच, उच्छ्वासाच्या शेपटाला. कारण सरळ आहे: तिथे धरून ठेवण्यासारखं फार थोडं असतं. म्हणून श्वासाची सुरुवात बघण्यापेक्षा शेवट बघायची सवय लावावी. शेवट दिसू लागला की मधलं आपोआप दिसतं. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. म्हणजे 10 मिनिटांत दीडशेच्या आसपास शेपटं आपल्यासमोरून जातात.

मोजण्याचा आधार घ्यायला हरकत नाही. प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी एक आकडा, 10 पर्यंत, मग पुन्हा एकपासून. यात दोन गोष्टी घडतात. एकतर आकडा 17 किंवा 23 वर पोहोचलेला सापडतो; मोजणी यंत्रासारखी चालू राहिली आणि मोजणारा केव्हाच उठून गेला होता. किंवा आकडा चारवर अडकलेला असतो आणि पाच की सहा हे आठवत नाही. दोन्ही वेळी हिशेब लावत बसू नये, सरळ एकवर यावं. आकडे हा गुण नव्हे, तो फक्त कठडा आहे. दोन-तीन आठवड्यांनी त्याची गरज वाटेनाशी झाली की सोडून द्यावा.

आणि आता तो सेकंद. श्वास बघता बघता मन कुठे गेलं कळलं नाही. एखादं न पाठवलेलं पत्र, एखादं राहिलेलं काम, एखादा जुना अपमान. मग एकाएकी भान येतं. इथे बहुतेक माणसं एक सवयीची चूक करतात: स्वतःला झापतात. ‘पुन्हा गेलं! साधे चार श्वास धड बघता येत नाहीत.’ हे झापणं म्हणजे शिस्त वाटते, पण ते असतं आणखी एक विचार, आणि तोही पहिल्यापेक्षा चिकट. शिवाय त्यातून मन उलटाच धडा घेतं. भानावर आल्या आल्या ओरडा मिळतो हे कळलं, की ते भानावर यायलाच टाळू लागतं. घरी परतलेल्या मुलाला दारातच फटके दिले तर दुसऱ्या दिवशी ते आणखी उशिरा परततं, तसंच हे.

त्याऐवजी करायचं ते एवढंच. कळलं की एका शब्दात नाव द्यायचं: ‘विचार’, ‘आठवण’, ‘बेत’, ‘काळजी’. नाव मनातल्या मनात, हळू आवाजात, निवाड्याचा सूर न लावता. मग जबडा आणि खांदे तपासायचे, कारण विचारात असताना ते बहुधा आवळलेले असतात. त्यांना सैल सोडायचं. मग पुढच्या श्वासाची वाट बघायची. अर्धा झालेला श्वास पकडायला धावायचं नाही. तो जाऊ द्यायचा. या सगळ्याला फार तर तीन सेकंद लागतात. विचार पूर्ण करून मग परतू, असं मन सुचवतं. तसं करू नये. महत्त्वाचा असेल तर तो परत येईलच.

विचार ढकलून देण्याचा प्रयत्नही करू नये. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा 1987 मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. ‘अस्वल नको’ हे सांभाळायला मनाच्या एका कोपऱ्याला सतत अस्वल आलं का ते तपासत राहावं लागतं, आणि त्या तपासण्यातच ते येतं. सजगतेत विचाराला हाकलायचं नसतं, त्याच्याबरोबर चालत जायचं नसतं, इतकंच. तो तिथे राहिला तरी हरकत नाही. आपण श्वासाशी असलो म्हणजे झालं. हा फरक वाचून समजतो, पण अंगात मुरायला काही महिने लागतात.

10 मिनिटांत मन 30 वेळा गेलं आणि 30 वेळा भान आलं, तर बैठक चांगली झाली. मन एकदाच गेलं आणि गजरानंच जागं केलं, तर ती तितकीशी झाली नाही, मग मनाला कितीही निवांत वाटलेलं असो. या मापाची अदलाबदल झाली की माणूस निवांतपणाच्या मागे लागतो. एखाद्या दिवशी खरोखरच मन निवळतं, अंग हलकं वाटतं; दुसऱ्या दिवशी तो तेच शोधत बसतो, ते मिळत नाही आणि ‘घसरलो’ म्हणतो. कालची बैठक आठवणं हीही एक आठवणच. तिलाही नाव द्यावं आणि परतावं.

बिघडतं कुठेकुठे, याची जुनी यादी अजून तंतोतंत लागू पडते. पाली परंपरेत पाच नीवरणं, म्हणजे पाच अडथळे, सांगितले आहेत: हवंहवंसं वाटणं, नकोनकोसं वाटणं, सुस्ती, चळवळ आणि शंका. पहिली दोन ओळखू येतात. सुस्ती मात्र शांततेचं सोंग घेऊन येते. खूण अशी, की शांततेत श्वासाचे बारकावे वाढतात आणि सुस्तीत ते पुसट होतात. हनुवटी खाली येऊ लागते, विचार स्वप्नासारखे तुटक होतात. अशा वेळी डोळे उघडावेत, पाठ ताठ करावी, दोन-तीन खोल श्वास घ्यावेत, तरीही नाही भागलं तर उरलेली बैठक उभं राहून पुरी करावी. रोजच झोप येत असेल तर प्रश्न सरावाचा नाही, रात्रीच्या झोपेचा आहे. तो आधी सोडवावा.

चळवळीचं मुख्य रूप म्हणजे खाज आणि पाय. खाज आली की लगेच हात न नेता तीन श्वास थांबून बघावं: ती टोचते आहे की जळजळते आहे, एका टिंबाएवढी आहे की पसरते आहे, वाढते की कमी होते. बऱ्याचदा ती वर चढते आणि स्वतःच ओसरते. नाही ओसरली तर खाजवावं, पण हात उचलला जातोय, नख टेकतंय, सुटका होते आहे, हे सगळं बघत. पाय बधिर होणं म्हणजे नसेवर दाब येणं. दाब काढला की मिनिट-दोन मिनिटांत मुंग्या येऊन तो जागा होतो, आणि पुरता जागा होईपर्यंत उभं राहू नये, तोल जातो. गुडघ्यात सणक आली तर मात्र सहनशक्तीची परीक्षा घेऊ नये. बैठक ताबडतोब बदलावी.

एक अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते आणि फार घाबरवते: बघू लागताच श्वास नैसर्गिक राहत नाही. तो मुद्दाम घेतल्यासारखा होतो, मध्येच अडखळतो, पुरेसा आलाच नाही असं वाटतं. श्वास हा आपोआप चालणारा आणि हवा तेव्हा हातात घेता येणारा, असा दुहेरी व्यवहार आहे. लक्ष गेलं की हात आपसूक सुकाणूवर जातो. उपाय दोन. एक, उच्छ्वासावरच लक्ष ठेवावं आणि श्वास आत घ्यायचं काम शरीरावर सोपवावं. दोन, लक्षाचं वर्तुळ मोठं करावं: श्वासाबरोबर हातांचा स्पर्श, खोलीतले आवाज. आवाज ऐकताना आपण काही करत नसतो, तसंच श्वासालाही येऊ-जाऊ द्यावं. तरीही घुसमट होत असेल तर श्वास सोडून पावलांवर किंवा आवाजांवर यावं. श्वास हे खुंटीचं नाव आहे. खुंटी दुसरी घेतली म्हणून सराव कमी दर्जाचा होत नाही.

बसून केलेला हा सराव दिवसात उतरला नाही तर त्याचा उपयोग तुटपुंजा. मात्र ‘दिवसभर सजग राहीन’ असा संकल्प कुणी करू नये, तो दुपारपर्यंतही टिकत नाही. एक लहान, रोजचं, ठरलेलं काम धरावं. हात धुणं हे मला सर्वांत योग्य वाटतं: वीसेक सेकंदांचं असतं, दिवसात अनेकदा येतं आणि त्यात स्पर्श भरपूर असतो. पाण्याचा पहिला गारवा बोटांच्या टोकांना लागतो की मनगटाला? साबण लावताना तळहात एकमेकांवरून घसरतात आणि बोटांच्या बेचक्यांत अडतात. फेस निघून गेल्यावर कातडी पुन्हा धरू लागते, घसरण थांबते. तो बदल बघावा. मग नळ बंद केल्यावर उरलेले एक-दोन थेंब. एवढंच. पहिला आठवडा हे काम आठवणारसुद्धा नाही. हात पुसताना आठवेल. तेव्हा पुसणं बघावं. आठ-दहा दिवसांनी नळाचा स्पर्शच आठवण करून देऊ लागतो.

चालण्याचाही सराव आहे. 10-15 पावलांचा एक टप्पा घ्यावा आणि नेहमीपेक्षा हळू ये-जा करावी. टाच उचलली, पाऊल पुढे गेलं, तळवा टेकला, वजन उतरलं. वळताना मन हटकून निसटतं, म्हणून वळण्याआधी एक श्वास थांबावं. बसून बेचैन होणाऱ्यांनी सुरुवातच इथून करावी.

फोनबद्दल थोडं विस्तारानं, कारण भान जाण्याची आजची मोठी वाट तीच. त्यावरचा वेळ कमी करा हा सल्ला सगळे देतात. सजगतेचा सल्ला त्याहून लहान आहे. फोन हातात आल्यावर, पडदा उजळण्याआधी, मनात एक वाक्य बोलावं: कशासाठी घेतला? उत्तर असेल तर ते काम करून ठेवावा. उत्तर नसेल, आणि बहुतेकदा ते नसतंच, तर ओढ शरीरात कुठे आहे ते बघावं. छातीत किंचित पोकळी, अंगठ्यात चुळबूळ, कंटाळ्याची एक झाक. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे अ‍ॅलन मार्लॅट या ओढीला लाट म्हणत: ती चढते, माथ्यावर येते, फुटते, तिच्याशी झुंजण्याऐवजी तिच्यावर तरंगत राहायचं. दोन श्वास तरंगून मग फोन घेतला तरी चालेल. त्या दोन श्वासांत हात आणि ओढ वेगळे दिसले, तेवढं पुरे.

दोन कामांच्या मधली फटही अशीच. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्यातच अडकून राहतो. संशोधक सोफी लरॉय यांच्या 2009 मधल्या अभ्यासाचा हाच विषय होता. म्हणून उठण्याआधी अर्धवट काम कुठवर आलं आणि पुढचं पाऊल काय, हे एका ओळीत लिहून ठेवावं, मग तीन श्वास, मग दुसरं काम. हे साधं वाटतं, पण संध्याकाळच्या थकव्यात पडणारा फरक आठवड्याभरात कळतो.

ऐकणं हा यातला सर्वांत अवघड भाग. समोरचा बोलत असतो आणि त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच आपलं उत्तर तयार होऊ लागतं. त्या क्षणापासून आपण त्याला ऐकत नसतो, त्याच्या थांबण्याची वाट बघत असतो. इथे खुंटी म्हणून पावलं घ्यावीत: जमिनीवर टेकलेल्या तळव्यांचा दाब. उत्तर तयार होताना दिसलं, की तळव्यांवर यावं, तिथून पुन्हा समोरच्याच्या आवाजावर. त्याचं बोलणं संपल्यावर एक पूर्ण श्वास जाऊ द्यावा. बरेचदा खरी गोष्ट त्या एका श्वासानंतरच माणूस बोलतो.

राग, भीती, लाज आली की श्वास बघणं जमत नाही, आणि न जमणं साहजिक आहे. तेव्हा शरीरात जावं. राग म्हटलं की त्याची गोष्ट सुरू होते: त्यानं असं केलं, मी तसं म्हणायला हवं होतं. गोष्ट संपत नाही. कानशिलांतली ऊब, आवळलेला जबडा, घशाशी आलेला आवंढा, हे मात्र बघता येतं आणि ते बदलत राहतं. नाव द्यावं: ‘राग आहे’. ‘मी रागावलो’ यापेक्षा ‘राग आहे’ हे वाक्य मोकळं आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या, भावनांशी जोडलेल्या अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावते. नाव दिल्यानं राग जातोच असं नाही. आपण आणि राग यांच्यात बोटभर जागा होते, आणि बोलायचं की थांबायचं हे ठरवायला ती पुरते.

एक गैरसमज इथेच दूर व्हावा. वर्तमानात राहणं म्हणजे उद्याचा विचार न करणं नव्हे. कागद घेऊन बसावं, उद्याची कामं लिहावीत, पैशाचा हिशेब करावा. तो करत असताना तो करतोय हे माहीत असलं, की तेही वर्तमानच. अंघोळ करताना तोच हिशेब सहाव्यांदा फिरू लागला तर ते नियोजन नाही, ती घरघर आहे. ओळखायची खूण साधी: नियोजनातून काहीतरी निर्णय निघतो, घरघर होती तिथेच फिरते.

सजगतेला आज जे वैद्यकीय रूप आहे त्याची सुरुवात 1979 मध्ये झाली. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जॉन कबात-झिन यांनी दीर्घकाळ दुखण्यानं त्रासलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर संशोधनाचा पूर आला आणि दावेही फुगले, म्हणून मोजकंच सांगतो. 2014 मध्ये ध्यानावरच्या 47 चाचण्यांचा, 3,515 माणसांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत थोडा फायदा होतो, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. औषधं, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरतं असा पुरावा मिळाला नाही. चालू असलेली औषधं सजगतेच्या भरवशावर कुणीही बंद करू नयेत. आणि ज्यांनी मोठा आघात सोसला आहे त्यांनी डोळे मिटून आत बघण्याची घाई करू नये. काहींना त्यातून जुनी दृश्यं उसळतात, धडधड वाढते, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटतं. तसं झालं तर डोळे उघडावेत, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यावीत, पाय जमिनीवर दाबावेत, त्या दिवशी थांबावं आणि जाणकार उपचारकाशी बोलावं. नेट लावून पुढे जाण्यात काही शौर्य नाही.

वेळ किती वाढवावा? पहिला महिना 10 मिनिटंच, एक दिवसही न चुकवता. मग दर पंधरा दिवसांनी 5 मिनिटं वाढवत 20 ते 30 वर यावं. आठवड्यातून एकदाच तासभर बसणं मला फारसं पटत नाही; भानावर येण्याची सवय लांबीनं लागत नाही, वारंवारतेनं लागते. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नये, नेहमीचीच 10 मिनिटं बसावं. चुकलेला दिवसही भरकटलेल्या विचारासारखाच आहे. आठवलं, की परत यायचं.

आणि गजर वाजल्यावर लगेच उठू नये. गजर वाजताच बहुतेकांचं शरीर सुटल्यासारखं ढिलं होतं. ‘झालं एकदाचं’ म्हणून हात फोनकडे जातो. तो हात जाताना बघावा. गजर बंद करून फोन पुन्हा उलटा ठेवावा. बोटं हलवावीत, मान हळू डावीकडे, उजवीकडे. पाय मोकळे करून मुंग्या ओसरेपर्यंत थांबावं. मग उठताना एक हात जमिनीला टेकवावा आणि वजन तळहातातून पावलांत कसं जातं, ते उभं राहीपर्यंत बघत राहावं.